कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत

लोअर परळच्या चाळीतल्या शेवंतीकाकीचा कॉम्प्युटर सुरू व्हायचा, तोवर कुकर होऊन भात मुरलेला असायचा. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, दहाव्या-बाराव्याचे मजकूर, चाळीचं सगळं टायपिंग तिच्याकडे. बटण दाबायचं आणि वाट बघत बसायचं. पण काकी गप्प बसणाऱ्यातली नव्हेच. समोरच्या भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो. स्क्रीन उजळेपर्यंत त्याच्याशी गजाली. "अवो, ऐकलात काय? गुडघा लय ठणकतोय."

आणि गंमत बघा, आठवडाभरात गुडघ्याचा पट्टा कुरिअरने दारात हजर. बंगळुरूच्या मुलाने, निलेशने पाठवलेला. मिक्सर जळाल्याचं फोटोला सांगितलं, मिक्सर आला. खाजं खावंसं वाटतं म्हणाली, मालवणी खाजं आलं. निलेशपाशी तिने चकार शब्द काढला नव्हता. मग काय, काकी चाळभर सांगत सुटली, "माणूस गेला, पण माझं ऐकायचा थांबला नाही. तोच पोराच्या मनात घालतो." जिवंतपणी या गृहस्थाने पेपरातून मान वर काढली नव्हती, पण ते जाऊ दे. या एका भरवशावर बाईचा एकटेपणा निभत होता.

शेवटी टायपिंगची कामं रखडायला लागली, तेव्हा तिने नाक्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानातून मेघनाला बोलावलं.

"काकी, हा चालू झाला की नको ते प्रोग्रामही आपोआप चालू होतात, म्हणून वेळ खातो. एकेक बंद करते," मेघना म्हणाली. बंद करता करता तिचा हात थांबला. "हा कॅमेऱ्याचा कोणी टाकला? बटण दाबलं की इथलं सगळं दुसरीकडे दिसतं, ऐकू जातं."

"कोणाला?"

मेघनाने स्क्रीनवरचं नाव वाचलं. निलेश.

काकीच्या पायाखालची जमीनच सरकली. पोटच्या पोराने आईवर पाळत ठेवावी? एका खोलीचा संसार तिचा, साडीसुद्धा इथेच नेसायची. सुनेचा, नम्रताचा, याच खुर्चीत बसून किती उद्धार केला होता तिने. आठवून कानशिलं तापली.

"काळजीपोटी केलं असेल हो," मेघना पुटपुटली.

"मग फोन करून विचारायचं. तोंड शिवलं होतं काय त्याचं?" काकी उसळली. "बंद कर ते."

मेघनाने बंद केलं आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू करून दाखवला. चुटकीसरशी सुरू झाला. ती गेल्यावर काकीने आरशावरची टिकली काढून स्क्रीनवरच्या कॅमेऱ्यावर दाबून चिकटवली. निलेशला काय सुनावायचं ते सुनावणारच होती ती, त्याला सोडणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बटण दाबलं आणि सवयीने फोटोकडे वळली. तोंड उघडलं, तोवर स्क्रीन उजळलीसुद्धा. काम समोर तयार होतं. काकी मात्र फोटोकडेच बघत राहिली.

"म्हणजे तुम्ही ऐकतच नव्हतात," ती म्हणाली.