बटईच्या बकऱ्या

त्या जुम्म्याले मशिदीच्या ओट्यापाशी एवढे जण होते. मोलवीसाब, जे बाहेरगावाहून येऊन आमच्या गावात नमाज पढवत. हाजीसाब, ज्यांची बकरी होती. माहे मालक, पिंजारी, कापूस पिंजायची धनुकली तशीच खांद्यावर. शेजारची माळीनमामी, वांग्याची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराले चालली होती, बोलनं ऐकून थांबली. आन् मी, ओट्याच्या खाली, निंबापाशी, डोक्यावरचा पदर वढून. माही लेक घरी होती. गोष्ट तिचीच होती, पण तिले कोणी बलावलं नाई.

माळीनमामीचं सोडलं तर बोलनं सारं आमच्या घरच्या उर्दू बोलीत झालं. मी मराठी शाळेत दोन वर्ग काढले, मले लिहिता येते ते असंच येते, म्हणून गावाच्या बोलीत सांगून राह्यली.

मराठीचं नवं राज्य होऊन थोडेच सालं झाले होते. आमचं गाव लोणारच्या अंगाले. वावर आमचं नव्हतं. दिवाळी झाली का मालक धनुकली घेऊन गावोगाव जात, लोकायच्या गाद्या-रजया पिंजत, आन् होळीच्या सुमाराले घरी येत, खोकत खोकत. कापसाची धूळ छातीत बसली होती त्यायच्या. मांगं घर मी पाहे. तेव्हा हाजीसाब हजले गेले नव्हते, नुसते मोठे शेतकरी होते. त्यायनं मले एक बकरी बटईनं देली. बटई म्हंजे जनावर त्यायचं, चारनं-राखनं माहं, आन् जे पिल्लं होतीन ते अर्धे-अर्धे. कागद नाई, साक्षी नाई. दाव्याची दोरी हातात देली आन् म्हटलं, "सांभाळ बेटी, जे होईन ते अर्धं तुहं." गावात सारे असंच करत. आमच्यातले करत, पाटलाकडचे करत, माळ्याकडचे करत.

पहिल्या सालचे पिल्लं मेले. हगवन लागली, दोन दिवसात गेले. मले काई भेटलं नाई, त्यायलेबी नाई. मी कोणाले बोलली नाई, बटईत असंच असते. पुढं बकरी चांगली चालली. बोकड झाले ते त्यायच्या वाट्याले गेले, त्यायनं विकले. दोन पाठी माह्या वाट्याच्या म्हणून ठरल्या. पाठ म्हंजे जवान बकरी, अजून न व्यालेली. एक काळी, एक कबरी. बोरीचा पाला, बाभळीच्या शेंगा, काय काय आनून घातलं त्यायले. लेक त्यायच्या संगं नाल्याकडं जाये, परकराच्या वट्यात शेंगा भरून आने.

त्याच पाठीयवर लेकीचं जमलं. पोरगा बीबी गावाकडचा, बैलगाडीचे चाकं दुरुस्त करनारा. त्याची माय पाह्याले आली तर पोरीकडं कमी पाहे, बकऱ्यायकडं जास्त. पाठीयचे दात पाह्यले, कास पाह्यली. मालक म्हणाले, "बाई, पोरीचे दातबी पाहून घ्या, ते राह्यले." ती हासली. म्हणे, "पोरगी तुमी सांगता तशी असन. बकरी खोटं बोलत नाई." त्यायच्या घरी दूध नव्हतं. दोन पाठी पोरीसंगं येतीन, दुसरं काई नको, असं ठरलं. येत्या सालच्या बकरी ईदच्या मांगून निकाह.

मंग हाजीसाब हजहून आले. जहाजानं गेले होते मुंबईहून. आल्यावर मानूस बदलून गेला. तराजूचे जुने दगड घासले होते, ते फेकून देले, नवे आनले. एका पेरूवाल्याले मांगं कमी भाव देला होता, त्याले घरी बलावून वरचे पैसे देले. जे जे करत होते ते एक एक मोलवीसाबाले विचारत, हे जायज हाये का नाई. सारं गाव वाहवा करे. मलेबी चांगलं वाटे. असं विचारता विचारता साल सरत आलं, आन् गोष्ट बकरीवर आली.

मोलवीसाब म्हणाले, "हा सौदा दुरुस्त नाई. मजुरी आधी ठरलेली पाह्यजे. बकरीच्या पोटात काय हाये, जगन का मरन, कोणाले ठाव? जे हायेच नाई ते मजुरीत कसं देता? ज्याची बकरी त्याचे पिल्लं. सांभाळनाऱ्याले वाजवी मजुरी आन् चाऱ्याचा खर्च द्यावा."

मालक म्हणाले, "मंग सारं गाव करून राह्यलं ते?"

"गाव करते म्हणून जायज नाई होत, भाई."

माळीनमामी टोपली सावरत म्हणाली, "आमच्यात तं जिनं चारलं तिचं अर्धं. याच्यात इचारायचं काय हो?"

हाजीसाब म्हणाले, "मामी, तुमचं तुमच्यापाशी. मले अल्लासमोर माहा जवाब द्या लागते."

मी कधी मशिदीपाशी बोलली नव्हती. पण विचारलं. "मोलवीसाब, सारेच पिल्लं मेले असते तर? तरी मजुरी भेटली असती?"

"हाव बहेन, तरीबी. म्हणूनच हा हुकूम असा हाये. गरिबाची मेहनत वाया जाऊ नये."

मी मान हालवली. त्यायचं खरं होतं. हाजीसाबानंबी तसंच केलं, ज्या सालचे पिल्लं मेले त्या सालचीबी मजुरी जोडून देली. एक पैसा दाबला नाई. पण त्या मजुरीत एकच पाठ येत होती. बकरी ईद जवळ होती, बकरीचा भाव चढला होता.

हाजीसाबाले समजलं. लेकीचं काय ठरलं होतं ते त्यायले माहीत होतं. म्हणाले, "दुसरी पाठ मी देतो. अल्लाच्या नावानं देतो."

माह्या मालकानं धनुकली या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. म्हणाले, "खैरातीची बकरी लेकीच्या लग्नात नाई लागत हाजीसाब. उद्या तिची सास म्हणन, दान घेऊन आली."

"खैरात नाई रे, तोहफा समज."

"तुमी अल्लाचं नाव घेतलं. आता काय समजू?"

माळीनमामी माह्याकडं पाहून हळू बोलली, "अवं भाभी, बोल ना वं तू. मानसाच्या ताठ्यात पोरीचं जाईन."

मी पदर अजून पुढं वढला. चार मानसांत मालकाच्या वर बोलायची चाल नव्हती आमच्यात. आन् खरं सांगू तं मलेबी ते देनं घ्यावंसं वाटलं नाई. कबरी आमी विकत घेतली. काळी हाजीसाबाकडं गेली. दावं सोडतानी लेक चुलीपाशी होती, उठली नाई.

बीबीवाल्यायले निरोप धाडला. उलटा निरोप आला, बोली दोनची होती. मालक सोता गेले, हुकूम समजावून सांगतला. पोराची माय म्हणाली, "हुकूम बरोबर असन. माह्या घरी दूध नाई, हेबी बरोबर हाये." ईद गेली, निकाह झाला नाई. दुसऱ्या सालाले त्या पोराचं दुसरीकडं झालं.

लेकीले पुढं संग्रामपूरकडं देली, बिजवराले. त्याची पहिली मेली होती, दोन लेकरं होते. मानूस वाईट नव्हता, पण घरात काई नव्हतं. ती तिथं लोकायच्या बकऱ्या चारे. मालक त्याच सालाले गेले, खोकून खोकून.

खूप सालं गेले. एक दुसरे मोलवी आले होते, म्हातारे. मी सहज विचारलं, बटईचं असं काऊन हाये. ते म्हणाले, "त्याले सोपा रस्ता हाये अम्मा. बकरी देतानी आधी अर्धी बकरी सांभाळनाऱ्याले विकायची, उधारीवरबी चालते. मंग दोघंबी बकरीचे मालक. पिल्लं आपोआप अर्धे-अर्धे. त्याच्यात कोणाचंच नाजायज नाई."

मी म्हटलं, "आमच्या वेळच्या मोलवीसाबानं हे सांगतलं नाई."

"तुमी विचारलं होतं का?"

विचारलं नव्हतं. हाजीसाबानं विचारलं होतं, सौदा दुरुस्त हाये का नाई. त्यायले तेवढाच जवाब भेटला. ते मोलवीसाब वाईट नव्हते. हाजीसाब तर चांगलेच होते, माह्या मालकाच्या मयतीले खांदा देला त्यायनं. कोणाले दोष देऊ? दोष कोणाचा नाई म्हणून दुःख कमी होते, असं काई मी पाह्यलं नाई.

लेकीनं मले कधी काई म्हटलं नाई. एकदा भेटाले गेली तर दुसऱ्याच्या बकऱ्या आवारात होत्या, त्यात एक काळी होती. तिनं तिच्याकडं पाह्यलं नाई, मीबी नाई.

हे कोणी वाचत असन तर एक करजा. जनावर कोणाले सांभाळाले देत असान तर दोरी हातात द्यायच्या आधी अर्धं जनावर त्याले विकजा, दोन मानसायच्या समोर तसं बोलजा. आन् घेनारी बाई असन तर तिनं तसं बोलल्याबिगर दोरी घेऊ नये.