नव्या कॅमशाफ्टवर जुने लिफ्टर

मंडळी, आज दुपारी आमचं इंजिन वीस मिनिटांत गेलं. राग ओसरायच्या आत लिहून टाकते.

नितीन माझा पुण्यातल्या कॉलेजपासूनचा मित्र. दोघांच्याही नोकऱ्या इथे सिंगापुरात, वन-नॉर्थला. दोन वर्षं आम्ही शनिवार-रविवार भाड्याच्या गाळ्यात गाडीचं एक जुनं, आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन नव्याने बांधत होतो.

कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा उंचवट्यांचा दांडा, मी निवडला, कोरा. त्यावर घासत चालणारे लिफ्टरही नवेच हवेत, असं मी सांगितलं. दोन जुन्या लिफ्टरचे तळ एकमेकांवर टेकवून दाखवले. तळ किंचित फुगीर असेल तर ते डुगडुगतात. हे सपाट बसले, म्हणजे झिजलेले होते आणि नवा कॅमशाफ्ट घासून खाणार होते.

"अगं, तू फार कीस काढतेस," नितीन म्हणाला. "जुनेच चालतील."

मी "बरं" म्हटलं.

आज इंजिन सुरू केलं आणि थोड्याच वेळात टकटक ऐकू आली. उघडलं तर कॅमशाफ्टचे दोन उंचवटे घासून गेलेले, तेलात लोखंडाचा चुरा. शेजारच्या गाळ्यातले चिनी अंकल बघायला आले. नितीन त्यांना इंग्रजीत म्हणाला, "कॅमशाफ्ट हिने निवडला होता. धातूच खराब निघाला."

मी हात पुसले आणि एमआरटी मेट्रोने बिशानला घरी आले. आत्ता त्याचा मेसेज आलाय, "पुढच्या शनिवारी दुसरा कॅमशाफ्ट बघू." गाळ्याची किल्ली मी उद्या त्याला देऊन टाकणार आहे.

त्याच्यापेक्षा माझ्या त्या "बरं"चाच राग जास्त येतोय. आपलं बरोबर आहे हे माहीत असूनही, हट्टी ठरू नये म्हणून तुम्ही असं कधी गप्प बसलात का?