आजीचा मोतीबिंदू

आमच्या नेत्रविभागाच्या प्रमुख एक बाई होत्या, आणि सत्तरच्या दशकात नागपूरकडच्या लोकांना हे काही केल्या पचत नसे. शिबिराला गेलो की पेशंट आमच्या मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरच्या पाया पडत. तो उंच, मिशाळ आणि नमस्कार घेण्यात तरबेज. मॅडमना सगळे नर्स समजत. मी शिकाऊ डॉक्टर, मला तर कोणी काहीच समजत नसे.

त्या हिवाळ्यात कुही गावच्या शाळेत शिबिर होतं, आणि मोतीबिंदूची माझी पहिली शस्त्रक्रिया तिथेच ठरली होती. दोन्ही डोळ्यांनी उजेड-अंधारच तेवढा कळणारी पेशंट आजी टेबलावर आडवी झाली आणि मी जवळ जाऊन हाक देताच तिनं विचारलं, "डॉक्टर कवा येऊन राहिला वं?"

"मीच करणार आहो, आजी."

आजी ताडकन उठून बसली.

ड्रेसर माझ्या कानाशी लागला. तो आजीच्या बाजूला उभा राहून डॉक्टर असल्यासारखा बोलत राहील, मी गुपचूप काम उरकावं. खरं सांगते, मला मोह झाला. पण मॅडमनी ऐकलं होतं.

"खोटं सांगून डोळ्याला हात लावायचा नाही. ती हो म्हणाली तर तू कर, नाहीतर मी करते."

मी आजीशेजारी बसले.

"कोणाची वं तू?" तिनं विचारलं.

हा प्रश्न कशासाठी असतो ते मला लहानपणापासून ठाऊक होतं. मी चिडूनच उत्तर दिलं, "बौद्धाची. माय इकडंच धानाच्या रोवणीले येते."

"आन् तू?"

"शाळा बुडवून मीबी येत होती."

लहानपणी चिखलात भाताची रोपं खोवलेली माझी बोटं तिनं एकेक करून चाचपली. "मंग कर. रोवणीवालीचा हात थरथरत नाही," म्हणाली आणि आडवी झाली.

माझा थरथरत होता. मॅडम हळूच म्हणाल्या, "मनगट तिच्या कपाळावर टेकव." टेकवलं, आणि मग सगळं नीट पार पडलं. बाहेर येऊन मी वेड्यासारखी हसत सुटले.

पाचव्या दिवशी पट्टी सोडून आजीला जाड भिंगाचा चष्मा चढवला. रीतीप्रमाणे मी दोन बोटं समोर धरली.

"बोटं ठेव खाली. तोंड दाव."

तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "अवं माय, तू त एवढुशी पोरगी. आधी दिसली असती त हात नसता लावू देला."

"मग दुसरा डोळा मॅडमकडून करून घ्या," मी फणकारले.

"काहून? तोबी तूच कर."