उपाशी हत्तीण आणि आमच्या सासूबाई

कम्युनिटीतल्या सगळ्या सीईटीवाल्यांनो, आज आमच्या नाशिक रोडच्या घरात काय झालं ते ऐका.

रविवारी एमबीएची सीईटी आहे आणि इंग्रजीचे पॅसेज माझ्या डोक्यावरून जातात. दुपारी वैतागून पुस्तक मिटलं, तर मेथी निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "मला मराठीत सांग बरं, काय लिहिलंय ते."

मग एकेक वाक्य वाचून त्यांना सांगत गेले. जंगलातून प्राणिसंग्रहालयात आणलेली हत्तीण खाणंपिणं सोडते, अशी हकिगत होती. सासूबाईंचे हात थांबले. तेवढ्यात पॅसेज संपला.

"मग? जेवली का ती?"

"आई, एवढंच दिलंय. पुढे प्रश्न आहेत."

"हे काय बाई! तिला उपाशी ठेवून प्रश्न कसले विचारतात?"

प्रश्न मात्र सगळे बरोबर आले. पहिल्यांदाच!

संध्याकाळी त्या फोनवर इगतपुरीच्या मावशींना तीच गोष्ट सांगत होत्या. त्यांच्या गोष्टीत एक म्हातारा माहूत येतो, हत्तिणीला गूळ-भाकरी भरवतो आणि ती जेवते. "अगं, खरंच! आमच्या सूनबाईनं इंग्रजीतून वाचलंय."

मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होते. खोटं आहे म्हणायला जीभच रेटेना.

तुमच्यासोबत अभ्यासाला घरातलं कोण बसतं हो?