भिवराबाईने बसवून घेतलेला ब्रेक

भिवराबाई आमच्या दुकानासमोर पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या मागे साठ-सत्तर मेंढरं होती आणि तोंडात एकच प्रश्न होता.

"फटफटीची तार कापनारा मिस्तरी कोन?"

एकोणीसशे त्रेपन्न साल असेल. परभणीत जिंतूरच्या रस्त्याला माझे यजमान बन्सीधर यांचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत आमचा संसार. ते सिकंदराबादला लष्करी गाड्यांच्या कारखान्यात काम शिकलेले. परभणीत तेव्हा विलायती फटफट्या चारच, आणि चारही आमच्याकडेच यायच्या. मी वऱ्हाडातली, मराठी सातवी झालेली. दुकानाच्या पावत्या मी लिहायची, म्हणून दुकानातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे असा माझा समज होता.

बाई उंच, हाडकुळी, पन्नाशीची. झरीच्या अलीकडे धनगरांची वस्ती आहे, तिथली. रानात ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात माणसाशी बोलायची, हळू बोलणं तिला जमतच नव्हतं. ती मेंढरं कधी मोजायची नाही. कळपावरून एकदा नजर फिरवली की कोण नाही ते तिला दिसायचं. त्या दिवशी दोघी नव्हत्या.

पाच दिवसांपूर्वी झरीचे जमीनदार दिनकरराव ओढ्याच्या उतारावरून फटफटी घेऊन सुसाट आले. कळप रस्ता ओलांडत होता. त्यांनी पायातला ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं आणि गाडी कळपात शिरली. दोन मेंढ्या जागीच गेल्या. भिवराबाईची सून सुगंधा मधे होती, तिच्या नडगीचं हाड मोडलं. दिनकरराव मेंढरांच्या अंगावर पडले म्हणून त्यांना साधं खरचटलंही नाही. गाडीचं हँडल तेवढं वाकलं, आणि ते सरळ करायला गाडी आमच्याकडे आली होती.

यजमान कानस खाली ठेवून उठले. "मी मिस्त्री. काय झालं, बाई?"

"गावात समदे म्हनायलेत की पुढच्या चाकाला बी ब्रेक असतो. मालकाच्या गाडीला न्हाई. कामून न्हाई?"

त्यांनी हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, "मालकांनीच काढायला सांगितला होता. गेल्या वर्षी."

त्या काळी सगळीकडे एकच समज होता: पुढचा ब्रेक दाबला की माणूस गाडीवरून उलटा होऊन डोक्यावर पडतो. दिनकररावांचाही तोच समज. दसऱ्याला गाडीला हार घालायचे, दिव्याला लिंबू बांधायचे, आणि गाडी थांबवणारी वस्तू मात्र त्यांनी काढून टाकायला लावली. इतरांचा समज असेल, पण माझ्या नवऱ्याला खरं ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी तार कापली होती. मला हे त्या क्षणी कळलं, आणि भिवराबाईइतकाच मलाही राग आला. फरक इतकाच की तिला तो बोलता येत होता.

"गिऱ्हाईक म्हणेल तसं करावं लागतं," ते म्हणाले.

"मंग गिऱ्हाईक म्हनलं सुनेचा पाय मोडा, तर मोडताव?"

एवढं बोलून ती दुकानाच्या दारात बसली. मेंढरं रस्त्यावर पसरली. टांगे अडले, भाजीवाल्या ओरडायला लागल्या. एका मेंढीने आमच्या दोरीवरचं धोतर चघळायला घेतलं. भिवराबाई हलली नाही.

दुपारी दिनकरराव गाडी न्यायला आले. गर्दी पाहून त्यांचा चेहरा लाल झाला.

"भिवरे, मेंढरांचे पैसे देतो म्हणून सांगितलं होतं ना? आता काय तमाशा मांडलास?"

"पैसे न्हाई मागायले मी. तुमची गाडी थांबती का, तेवढं इचारायलेय."

"थांबते की. मागचा ब्रेक आहे."

"थांबली न्हाई."

यजमानांनी तोंड उघडलं. "मालक, पळत्या गाडीला ब्रेक लावला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं चाक हलकं होतं आणि घसरतं. गाडी थांबते ती पुढच्या चाकानं."

दिनकरराव हसले. "तू मला गाडी शिकवतोस? बैल पुढून थांबवतोस का रे? कासरा मागनंच ओढतो ना माणूस?"

लोकही हसले. भिवराबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "कासरा मागनं वढताव, पर येसण कुठं असती? बैलाच्या शेपटीत का?"

आता लोक दुसऱ्या बाजूने हसले. ती मात्र हसली नाही. "उताराला सुटलेला कळप मागनं वरडून थांबत न्हाई, मालक. पुढं पळून आडवं व्हावं लागतं. ह्ये आमच्या सहा वर्साच्या पोराला कळतंय."

मी दारातूनच यजमानांना म्हणाले, "ही गाडी ब्रेकाशिवाय दिलीत, तर पावती मी लिहिणार नाही." चारचौघांत नवऱ्याला असं बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दिनकररावांकडे. "मालक, गाडी आज मिळणार नाही. पाहिजे तर दुसऱ्याकडे न्या." परभणीत दुसरा कुणी नव्हता, हे दिनकररावांनाही माहीत होतं. ते शिव्या देत टांग्यात बसले.

पुढचा ब्रेक बसवूनच गाडी देईन अशी भिवराबाईने यजमानांकडून बिरोबाची आण घेतली, तेव्हा कुठे ती उठली. त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पण हात जोडायला मन होईना. ज्या हातांनी तार कापली त्याच हातांचं मी खात होते. देवाला एवढंच म्हणाले की हे काम नीट होऊ दे.

काम सोपं नव्हतं. नुसती तार जोडून भागणार नव्हतं. गाडी लढाईच्या आधीची, पुढचा ब्रेक तळहाताएवढा, त्यात जोर नाही. पूर्ण्याला एका भंगारवाल्याकडे त्याच जातीची लष्करी फटफटी मोडून पडली होती. तिचा ब्रेक थाळीएवढा. यजमान तिचं पुढचं चाकच उचलून घेऊन आले. चाकाच्या आऱ्यांच्या तारा गंजलेल्या होत्या. त्या सगळ्या काढून नव्या घातल्या. एकेक तार ते ताणायचे आणि मी चाक फिरवून कुठे डुगडुगतं ते सांगायची. ब्रेकची पाटी चाकाबरोबर फिरू नये म्हणून ती पुढच्या दांड्याला बांधणारा पट्टा हवा होता, तो त्यांनी ट्रकच्या कमानीचं पोलादी पान तापवून घडवला. दोनदा वाकडा झाला, दोनदा मोडीत टाकला. नवी लायनर बसवली, तांब्याचे रिव्हेट ठोकले, ब्रेकची लांब तार ओवली. मग आठवडाभर स्वतः गाडी रिकाम्या रस्त्यावर पळवून थांबवून पाहिली.

या सगळ्यात दोन महिने गेले. भिवराबाई दर बाजाराला येऊन चाकाकडे बघायची. "झालं का?" एवढंच विचारायची. चहा दिला तर घ्यायची नाही.

शेवटी तीच म्हणाली, "मला दुकानात दावू नका. जितं झालं तितं दावा. आन् मालकानीच चालवावी."

यजमान फटफटी घेऊन पुढे गेले, मी मागून मोटारीने झरीला पोहोचले. दिनकररावांना यावंच लागलं, कारण गाडी यजमानांनी थेट उतारावरच नेऊन उभी केली होती. अर्धा गाव जमला होता. भिवराबाईने हातातली काठी रस्त्यावर आडवी टाकली. "हिच्या अलीकडं थांबायचं."

दिनकरराव वरून आले. सवयीने पायच दाबला. मागचं चाक किंचाळलं, फुफाटा उडाला आणि गाडी काठीवरून दोन बैल लांब जाऊन थांबली.

"ब्रेक खराब आहे," ते म्हणाले.

"हाताला मेंदी लावलीय का?" भिवराबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता, आणि तो ऐकून मला भीती वाटली. "ही काठी न्हाई, मालक. ही सुगंधा हाय. वापस जा आन् परत या."

गावासमोर एका धनगरणीने त्यांना वापस जा म्हटलं होतं. ते काही बोलतील म्हणून सगळे थांबले. ते गाडी वळवून वर गेले.

या वेळी त्यांनी हात आवळला. गाडीचं तोंड खाली झुकलं, पुढच्या चाकाला धरणारा चिमटा दबला. डोक्यावर कुणी पडलं नाही. चाक काठीच्या वीतभर अलीकडे थांबलं.

"झालं समाधान?" दिनकररावांनी घाम पुसायला हात उचलला.

"हात सोडू नका, मालक. उतार हाय."

तिने तोंडाने आवाज केला. बाभळीखाली थांबवलेली मेंढरं उठली आणि रस्त्यावर आली. ती गाडीच्या पुढून जायला लागली, एकेक, थांबत, वास घेत. भिवराबाईने त्यांना हाकललं नाही. उन्हात दिनकरराव ब्रेक आवळून उभे राहिले. त्यांची बोटं पांढरी पडली होती. कुणी हसलं नाही.

सगळ्यात मागे सुगंधा होती. पाय ओढत येत होती. गाडी दिसल्यावर ती रस्त्याच्या कडेला थबकली.

"ये," सासू म्हणाली. "हळू ये. धरलंय त्यांनी."