कॉलरवालीच्या वड्या

नोटीस लागली तेव्हा कॉलरवाली मशीनवर होती आणि तिच्या तोंडात स्वतःच केलेली वडी होती. तो घास तिला गिळवेना.

एकोणीस वर्षं ती शर्टांच्या कॉलरी शिवत होती. फक्त कॉलरी. पूर्ण शर्ट शेवटचा कधी शिवला, असं विचारलं असतंत तर ती तुमच्यावरच डाफरली असती. त्या कारखान्यात कुणी कुणाला नावाने हाक मारतच नाही. जी जे शिवते तेच तिचं नाव. काजं करते ती काजवाली, बाह्या जोडते ती बाहीवाली. आणि कॉलरवाली अशी बोलायची की समोरच्याने आपला कान चाचपून बघावा. पण मन मात्र... जाऊ दे, मन लोण्यासारखं वगैरे म्हटलेलं तिला अजिबात चालायचं नाही.

वड्यांचं खूळ सुरू झालं बाहीवालीमुळे. तिला सहावा महिना. सकाळी पोटात काही टिकायचं नाही. एक दिवस अकराच्या सुमाराला तिला गरगरलं आणि मशीनची सुई थेट बोटातून आरपार! त्या दिवशी कॉलरवालीने घरी जाऊन चपलासुद्धा काढल्या नाहीत, दारातूनच लेकीला विचारलं, "खिशात मावेल आणि पोटाला धरेल असं काय असतं गं?"

लेक कॉलेजात, मोबाइल हाताला चिकटलेला. म्हणाली, "ग्रॅनोला बार."

फोटो बघून कॉलरवाली म्हणाली, "हात्तिच्या, ही तर वडी!"

झालं. ओट्स कढईत कोरडे भाजायचे, खजूर गरम पाण्यात भिजवून ठेचायचे, मध कोमट करून त्यात घालायचा, आणि बाकी जे काय टाकायचं ते डब्यात काय सापडतं त्यावर.

"आई, यात पाव वाटी बदाम लिहिलेत."

"बदाम तुझ्या मोबाइलात असतील. आपल्या डब्यात शेंगदाणे आहेत."

पुढे बायकाच मूठ मूठ आणायला लागल्या. कुणी तीळ, कुणी भोपळ्याच्या बिया, कुणी मनुका. काजवालीने तर एकदा डब्याच्या तळाचा बिस्किटांचा चुरा आणला, तोही खपला. काहीही चालायचं. फक्त खजूर-मध हवा आणि दाबणं हवं. ताटात पसरलं की वाटीच्या बुडाने ती असं दाबायची की ताटाने आई गं म्हणावं. थंड झालं की वड्या पाडायच्या, चार बोटं लांब, दोन बोटं रुंद, सगळ्या एका मापाच्या. कॉलरी शिवणाऱ्या हाताला वाकडं जमतच नाही.

बाहीवालीला परत गरगरलं नाही. अकरा वाजले की सगळ्या जणी खायच्या. एक हात कापडावर, एका हातात वडी, मशीन चालूच.

आणि हेच कारखान्याच्या सुपरवायझरने बघून ठेवलं होतं!

त्याने स्वतः दोन वड्या खाल्ल्या होत्या. "मावशी, एक नंबर!" असं म्हणून बोटं चाटली होती. आणि आता भिंतीवर कागद. जेवणाची सुट्टी उद्यापासून एक ते दीड नाही, एक ते एक दहा. मशीनवर हलका खाऊ खाण्यास परवानगी आहे. परवानगी! जसं काही उपकारच केले.

वर पुन्हा तो मधोमध उभा राहून म्हणतो, "ही आयडिया आपल्या कॉलरवाल्या मावशींमुळे सुचली बरं का. त्यांच्यासाठी टाळ्या!"

आणि मागून दोघींनी वाजवल्या. खरंच वाजवल्या. कॉलरवालीच्या कानशिलापर्यंत आग गेली.

तो अर्धा तास म्हणजे काय होता हे त्याला काय माहीत? त्या अर्ध्या तासात बाहीवाली कापडाच्या गठ्ठ्यावर सुजलेले पाय वर करून पडायची. बाथरूम एकच, तिथली रांगच दहा मिनिटांची. काजवाली डोळे मिटून बसायची, कारण दिवसभर बारीक काजं बघून तिला एकाची दोन दिसायची.

"घे," काजवाली म्हणाली, "अजून खाऊ घाल."

"मी काय केलं गं?"

"काही नाही बाई. तुझ्या वडीने आमचं जेवण खाल्लं, एवढंच."

बाहीवाली आपल्या सुजलेल्या पायांकडे बघत होती. ते जास्त लागलं.

कॉलरवाली तडक सुपरवायझरच्या टेबलाशी गेली. "सुट्टी परत द्या."

"अहो मावशी, तुम्हीच तर सोय केलीत. आता मला का बोलता?"

घरी तिने पिशवी अशी आपटली की लेक आतून पळत आली. आता वड्या बंद, असं ती तीनदा ओरडून म्हणाली. आणि चौथ्यांदा म्हणता म्हणता थांबली. बंद केल्या तर बाहीवाली अकरा वाजता काय खाणार? परत सुई? आणि कागद तर भिंतीवर राहणारच! म्हणजे केल्या तरी मरण, नाही केल्या तरी मरण. या विचाराने ती एवढी संतापली की ओट्स भाजताना उलथन्याने कढईच बडवत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण रागाचं, नीट ऐका, रागाचं. त्या नादात खजूर भिजवायचे राहिले, मध राहिला. ताटात पसरून ती दाबत बसली. सुरी लावली तर सगळं भुसभुशीत, वडीचा पत्ता नाही.

"जळो मेलं!" तिने ताट सरकवून दिलं.

लेकीला भूक लागलेली. तिने तो चुरा वाटीत घेतला, चमचा घेतला आणि सोफ्यावर बसून खायला लागली. मोबाइल वाजला. लेकीने बघितलं, पण उचलला नाही. एका हातात वाटी, एका हातात चमचा, उचलणार कशाने?

कॉलरवाली बघतच राहिली. "हात अडकले ना गं तुझे?"

"हो मग! हे काय बार आहे का?"

"अजून ओट्स आहेत का घरात?"

दुसऱ्या दिवशी अकराला तिने बाहीवालीच्या हातात फक्त दोन खजूर ठेवले. बाकी कुणाला काही नाही. एक वाजता भोंगा झाला तशी तिने मशीन बंद केली आणि पिशवीतून वाट्या, चमचे आणि तसल्याच न चिकटलेल्या चुऱ्याचा डबा काढला. वाट्या लेकीने शेजारपाजारच्या घरांतूनसुद्धा गोळा केल्या होत्या, एकीवर तर बाळाचं चित्र होतं. बायकांना आधी कळेना. काजवालीला कळलं आणि ती अशी हसली की पदर तोंडात धरावा लागला.

एक दहाला सुपरवायझर आला. "चला, चला, मशीनवर. वडी घ्या हातात."

"वडी नाही झाली साहेब. चिकटलीच नाही."

"मग हे घेऊन बसा मशीनवर."

"बसू की." कॉलरवालीने चमचा तिरका केला. भाजलेल्या बियांचं तेल चमचाभर चकाकत होतं. "पांढरे शर्ट चालू आहेत. तुम्ही सांगा, बसू?"

त्याने शर्टांच्या गठ्ठ्याकडे बघितलं. चमच्याकडे बघितलं. "मग लवकर संपवा!"

"दाणे कडक आहेत हो," काजवाली म्हणाली. "माझी दाढ हलते. गिळू का तसेच? अडकलं तर तुम्ही पाठीत मारा."

तो तिथेच कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि सगळ्या चावत राहिल्या. नुसता कुर्रकुर्र आवाज. बाहीवाली गठ्ठ्यावर पाय वर करून पडली होती आणि पोटावर वाटी ठेवून खात होती. दीड वाजता सगळ्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याने दोघींना आत बोलावून नोकरीची धमकी दिली. त्या दोघी बाहेर आल्या आणि कॉलरवालीच्या शेजारी येऊन वाटी धरून बसल्या. टाळ्या वाजवल्या होत्या ना, त्याच दोघी.

पाचव्या दिवशी कागद भिंतीवर नव्हता. कुणी काही सांगितलं नाही, कुणी चुकलं म्हणालं नाही, नुसता चिकटपट्टीचा तुकडा राहिला होता. सव्वा वाजता सुपरवायझर कॉलरवालीपाशी आला, हसून.

"झालं ना मावशी मनासारखं? आता राग सोडा. त्या वड्या आणा की परत."

कॉलरवालीचा राग एवढासुद्धा कमी झाला नव्हता. तिने तोंडातला घास सावकाश चावला, गिळला, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे चमचा दाखवला.

"माझी सुट्टी चालू आहे. बोलायचं असेल तर दीडनंतर या."