शांतक्काच्या जागी मशीन

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत कॉफीच्या मशिनींची जशी रांग लागली, तशी रेशनच्या दुकानापुढंही कधी लागली नसेल. सगळी रांग एकाच दाराशी यायची, ईश्वरप्पांच्या दुकानाशी. मी शेजारीच साड्यांना फॉल-पिको करून देते. मधली पत्र्याची भिंत सोडली तर मी त्यांच्याच दुकानात बसलेली असते म्हणा ना!

दुकान अप्पांचं, पण कॉफी त्यांच्या बायकोची, शांतक्कांची. त्या कर्नाटकातल्या, इंडीकडच्या. लग्न होऊन आल्या त्या पितळी फिल्टर घेऊनच, आणि चहाबाज सोलापुरात त्यांनी कॉफी विकून दाखवली. अप्पांचं काम गल्ल्यावर बसायचं आणि गिऱ्हाइकांशी राजकारण बोलायचं. त्यांना स्वतःला उभ्या जन्मात एक कप धड जमला नाही. एकदा अक्का तापानं पडल्या होत्या तेव्हा अप्पांनी कॉफी केली. कोर्टातल्या वकिलांनी दोन घोट घेतले, कप तसेच ठेवले आणि अक्कांची तब्येत विचारून निघून गेले.

मग अक्कांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बशीत कॉफी सांडायची, लोक हसून सोडून द्यायचे. पुढं डावाही तसाच. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी थोडा आवरेल, जाणार नाही. चैत्रात कॉफीचा उकळता काढा त्यांच्या मनगटावर सांडला आणि कातडी सोलून निघाली. मुलगी अक्षता धारवाडहून धावत आली. "दुकान बंद करा आन् दोघं माज्याकडं चला. आईला परत शेगडीपुढं उभं न्हाय करायचं," असं तिनं बजावलं.

अप्पांनी हातापाया पडून श्रावणापर्यंतची मुदत मागून घेतली. तोवर कॉफी करणारं मशीन आणायचं. अक्कांनी नुसतं खुर्चीवर बसून चव बघायची. दुकान सुटलं तर ही बाई महिनाभरात खचेल, हे त्यांना दिसत होतं. मलाही दिसत होतं. धारवाडच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून अक्का करणार काय? लेकीच्या घरच्या कपबशा मोजणार?

पहिलं आलं ते बटणाचं मशीन, लग्नाच्या हॉलमध्ये असतं तसलं. आत तयार पूड, बटण दाबलं की फेसाळ गोड पाणी. अक्कांनी घोट घेतला आणि बेसिनकडं गेल्या. "बेडा, नको," म्हणाल्या, "ह्यात कापी कुटं हाय?" दुसरं काचेच्या भांड्याचं. त्यात कॉफी थेंबथेंब गळते, पण रंग असा की भांडी विसळलेलं पाणी बरं. पुतण्या संगमेशनं तिसरं आणलं, छोट्या डब्या घालायचं. चव बरी होती, पण एका डबीत एकच कप निघायचा. घरी पाहुण्यांपुढं मिरवायला ठीक, वकिलांची झुंड आली तर शेवटच्याला कप दुसऱ्या दिवशीच मिळायचा.

अप्पांची झोप उडाली. दुपारी गल्ल्यावर बसून फोनमध्ये मशिनीच बघायचे. "महानंदा, हे बघ की, ह्यो वाफंवर करतो म्हनं." मी म्हणायचे, "अप्पा, पोरीला स्थळ बघताना एवढी चौकशी केली न्हवती तुमी." ते हसायचे नाहीत. हसणं त्यांचं केव्हाच संपलं होतं.

चौथं वाफेचं. विजापूर रोडवरचं एक हॉटेल बंद पडलं होतं, तिथलं जुनं. त्यातून निघाला दाट, काळाभोर काढा. अक्कांनी दूध-साखर घालून कप तोंडाला लावला. मग कप पुढं केला, "आजून जरा घाल." अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. गाठीला होतं नव्हतं ते देऊन त्यांनी मशीन उचललं.

बसू मेकॅनिकनं ते बसवून दिलं आणि जाताना सांगितलं, "वरनं काय सांडू देऊ नका, आत समदी वायर हाय." अप्पांनी मान डोलावली. पण सोमवारी मुहूर्त होता. आमच्याकडं नवी शेगडी आली की तिच्यावर पहिल्यांदा दूध उतू घालवतात, आणि ते घरच्या लक्ष्मीनं घालवायचं. या शेगडीला जाळच नाही, मग दूध उतू जाणार कसं? अप्पांनीच तोड काढली. दूध गॅसवर उकळायचं आणि मशीनच्या माथ्यावर, कप ठेवतात तिथं, दोन थेंब सांडायचे. मला आठवण होती, मी बसूचं बोलणं काढलं. "देवाचं दूध हाय," अप्पा म्हणाले, "दोन थेंबानं काय हुतंय?"

पातेलं त्यांनी अक्कांच्या हाती दिलं. स्वतः सांडलं असतं तर दोनच थेंब सांडले असते. पण तो मान बायकोचा, तो तिला डावलून कसा घ्यायचा! मशीनला विभूतीचे पट्टे ओढले होते, उदबत्ती लावली होती. अक्कांनी पातेलं उचललं आणि हात असे थरथरले की सगळं दूध मशीनवर. माथ्याच्या फटींतून ते आत गेलं. आतून फट्‌ आवाज आला, जळका वास सुटला आणि दुकानातले दिवे गेले.

बसूनं उघडून बघितलं. आतलं विजेचं कार्ड जळालं होतं. तसलं कार्ड आता बनतच नाही, म्हणाला.

दोन दिवस अक्का जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा त्यांनी अप्पांना विचारलं, "माज्या हातानं गेलं न्हवं ते?"

"खुळी हायस काय?" अप्पा उसळून म्हणाले. "मशीनच सडकी हुती. त्या हाटेलवाल्यानं फसीवलं आपल्याला. दूध न्हाय, नुसतं फडकं फिरीवलं असतं तरी बंद पडली असती."

"खरं?"

"मग! बसूबी तेच म्हनला."

अक्कांच्या तोंडावर जीव आला. पदर सावरून त्या खुर्चीत नीट बसल्या. "तर मग दुसरी आण की," म्हणाल्या. "श्रावणाला आजून येळ हाय. ह्या टायमाला म्या हात न्हाय लावत. लांब बसती."

दुसरी आणायला अप्पांजवळ काही उरलं नव्हतं. तसं सांगावं, तर आधीची कुणाच्या हातानं गेली तेही पुन्हा निघणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी एरवी कुणाला बोलू देत नाही, पण त्या वेळी मी डब्याचं झाकण उघडत बसले. फार वाईट वाटलं मला त्या माणसाचं.

"बघतो की," अप्पा शेवटी म्हणाले, भिंतीकडं बघत.

अक्का नवऱ्याकडं बघत राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात अप्पांचं खोटं कधी अक्कांपासून लपलं नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "अक्षताला फोन लाव. साड्या किती घिऊन यायच्या, इचार."